तीच केबल, दहापट वेग

नेटवर्कची केबल सोलली की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. संदेशाचं व्होल्टेज एका तारेवर धन आणि दुसरीवर ऋण पाठवतात, पलीकडे दोन्हींतला फरक मोजतात. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच टेलिफोनसाठी या युक्तीचं पेटंट घेतलं होतं.

१९९५ साली या तारांवर सेकंदाला १०० मेगाबिटचं मानक आलं. १९९९ मध्ये १००० मेगाबिटचं, म्हणजे एक गिगाबिटचं आलं, तेही त्याच कॅटेगरी ५ दर्जाच्या केबलवर, १०० मीटरपर्यंत! मला यातलं सर्वांत देखणं वाटतं ते हे, की प्रत्येक जोडीवर संकेत बदलण्याचा वेग दोन्हींत एकच आहे: सेकंदाला साडेबारा कोटी वेळा.

मग दहापट आली कुठून? आधी एक जोडी पाठवायची, एक ऐकायची आणि दोन रिकाम्याच राहायच्या. गिगाबिटने चारही जुंपल्या. व्होल्टेजच्या पाच पातळ्या वापरून दर संकेतात दोन बिट बसवले आणि पातळ्यांतली उरलेली मोकळीक चुका दुरुस्त करायला ठेवली. जोडीमागे २५० मेगाबिट झाले. शिवाय प्रत्येक जोडीवर दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात. खरी करामत इथे आहे. १०० मीटर लांबून आलेला संदेश क्षीण असतो. त्यावर आपल्याच संदेशाचा प्रतिध्वनी आणि शेजारच्या तीन जोड्यांतून झिरपलेला संदेश, म्हणजे क्रॉसटॉक, चढतो. पण आपण काय पाठवलं हे टोकावरच्या चिपला ठाऊक असतं. केबल जोडताच ती चाचणीचे संकेत पाठवून त्या केबलचा स्वभाव शिकते, झिरपा किती असेल याचा अंदाज बांधते आणि तो सतत वजा करत राहते.

२००६ मध्ये १० गिगाबिटचं मानक आलं, तेव्हा मात्र हे गणित एका ठिकाणी अडलं. शेजारच्या केबलमधून झिरपणारा संदेश चिपला माहीतच नसतो, मग वजा काय करणार? म्हणून पूर्ण १०० मीटरसाठी ५०० मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत पेलणारी कॅटेगरी ६ए केबल लागली. २०१६ मधलं ४० गिगाबिटचं मानक तर २००० मेगाहर्ट्झच्या कॅटेगरी ८ केबलवरही ३० मीटरच गाठतं. डेटा सेंटरमधल्या रॅकसाठी तेवढं पुरतं.