एकाच ओंडक्याचे ताव: मोटारीतील लाकडी व्हिनिअरची पार्श्वभूमी

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवरची लाकडी पट्टी तडकते, दाराच्या कडेचा एखादा तुकडा हरवतो किंवा नव्याने बसवलेल्या उपकरणाभोवती मूळच्या लाकडाशी जुळणारी चौकट हवी असते. अशा वेळी कारागिराला विचारले जाते की हे लाकूड कोणते. अक्रोड, मॅपल, महोगनी असे उत्तर बहुधा चटकन देता येते. पण तेवढ्याने जोडीची पट्टी तयार होत नाही. मूळ पट्टीचा ताव, म्हणजे वरचा पातळ लाकडी थर किंवा व्हिनिअर, किती जाड कापला होता, तो कशाने चिकटवला होता, त्यावर कोणता लेप होता आणि त्या लेपाखाली लाकडाने किती वर्षे ऊन सोसले, हे सारे त्या पट्टीच्या काळावर ठरते. म्हणूनच हे काम करणाऱ्याला आपल्या धंद्याचा इतिहास थोडाफार तरी माहीत असावा लागतो.

मौल्यवान लाकडाचा पातळ थर साध्या लाकडावर बसवण्याची कल्पना मोटारीपेक्षा हजारो वर्षांनी जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मीळ होते आणि त्यामुळे आबनूस व हस्तिदंत यांचे पातळ तुकडे सरसाने चिकटवून पेट्या व आसने सजवली जात. 1922 मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील वस्तूंवर हे काम आजही पाहायला मिळते. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात या पद्धतीची नोंद केली आहे आणि स्वस्त लाकडाला महागड्या लाकडाची साल चढवण्याच्या त्या हौसेवर त्याचा थोडा रागही दिसतो. व्हिनिअर म्हणजे फसवणूक, हा आजही ऐकू येणारा आक्षेप इतका जुना आहे.

खरा फरक पडला तो कापण्याच्या पद्धतीमुळे. अठराव्या शतकापर्यंत ताव हाताच्या करवतीने काढले जात. ते दोन-तीन मिलिमीटर जाड असत आणि करवतीच्या दातांखाली जवळजवळ तेवढेच लाकूड भुसा होऊन वाया जाई. मार्क इसांबार्ड ब्रुनेल याने 1806 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनिअर कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि मोठ्या चक्राकार करवतींनी सलग, एकसारखे ताव काढणे शक्य झाले. पुढे त्याच शतकात करवतीची जागा पात्याने घेतली. ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेत मऊ करून लांब पात्याने तासला, तर भुसा पडत नाही. आज सजावटीच्या व्हिनिअरची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. या बदलाचा जुळवणीच्या दृष्टीने एक मोठा परिणाम झाला. करवतीने काढलेल्या शेजारशेजारच्या दोन तावांमध्ये काही मिलिमीटर लाकूड नाहीसे झालेले असे, त्यामुळे त्यांची नक्षी थोडी सरकलेली दिसे. पात्याने काढलेले लगतचे दोन ताव मात्र जवळजवळ एकसारखे असतात. पुस्तक उघडावे तसे ते समोरासमोर मांडले की मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना नक्षीचे प्रतिबिंब उमटते, आणि महागड्या मोटारींच्या डॅशबोर्डवर दिसणारी सममिती त्यातूनच आली.

मोटारीत लाकूड आले ते घोडागाडीच्या वारशाने. ‘डॅशबोर्ड’ हा शब्दच मुळी घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी बग्गीच्या पुढे लावलेल्या फळीचा आहे. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे ॲश लाकडाचे असत आणि ते बग्गी बांधणाऱ्या कारागिरांच्याच हातून घडत. पुढे घड्याळ, वेगमापक आणि तेलाच्या दाबाचा काटा बसवायची वेळ आली, तेव्हा सपाट फळीला गोल छिद्रे पाडणे हा सर्वांत सोपा उपाय होता. रोल्स-रॉइससारख्या कंपन्या त्या काळात फक्त चाके व इंजिनासह चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, विकत. वरचे शरीर हूपर, पार्क वॉर्ड, एच. जे. म्युलिनर यांसारखे कोचबिल्डर ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे बांधून देत. कारखान्यातून तयार पोलादी शरीरासह निघालेली पहिली बेंटले 1946 ची मार्क 6, तर रोल्स-रॉइस 1949 ची सिल्व्हर डॉन. त्यापूर्वीच्या गाड्यांपैकी एकीची लाकडी चौकट दुसरीला बसेलच असे नसते, कारण ती त्या एकाच गाडीवर हाताने घासून बसवलेली असते. अशा गाडीसाठी तयार सुटा भाग शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा जुन्या तुकड्याचाच नमुना काढून नवा घडवणे बरे.

या साऱ्या इतिहासात अक्रोडाच्या गाठीला, इंग्रजी धंद्यात ज्याला ‘बर’ म्हणतात तिला, जे स्थान मिळाले ते दुसऱ्या कोणत्याही लाकडाला मिळाले नाही. ही गाठ म्हणजे झाडाच्या खोडावर किंवा मुळाजवळ झालेली अनियमित वाढ. तिच्यात असंख्य सुप्त डोळे असतात आणि तंतू सरळ न जाता त्यांच्याभोवती वळसे घेतात. कॅलिफोर्नियातील फळबागांत स्थानिक काळ्या अक्रोडाच्या मुळावर इंग्लिश अक्रोडाचे कलम बांधण्याची पद्धत होती. बाग म्हातारी झाली की झाड बुंध्यासकट उपटले जाई आणि जमिनीलगतचा गाठीचा भाग व्हिनिअर कापणाऱ्यांकडे जाई. फळासाठी लावलेल्या झाडाचा सर्वांत मौल्यवान भाग शेवटी मातीखालून निघावा, हे गमतीचे आहे. गाठीच्या लाकडाची एक अडचणही असते. तंतू सर्व दिशांना वळलेले असल्याने ताव ठिसूळ होतो, वाळताना लाटांसारखा वाकतो आणि त्यात बारीक छिद्रे राहतात. म्हणून तो ओलसर करून दाबाखाली सपाट करावा लागतो आणि छिद्रे त्याच लाकडाच्या कणांनी बुजवावी लागतात. जुन्या पट्टीवर भिंगातून पाहिले तर ही बुजवलेली छिद्रे सापडतात, आणि नव्या पट्टीत ती मुळीच नसली तर ती शेजारी ठेवल्यावर परकी वाटते.

एका गाडीतील सर्व लाकूड एकाच ओंडक्याचे असावे, हा दंडक ब्रिटिश कारखान्यांनी जपला. गाडीच्या तावांचा उरलेला भाग राखून ठेवण्याची रोल्स-रॉइसची प्रथा प्रसिद्ध आहे, कारण पुढे एखादा तुकडा खराब झाला तर त्याच झाडाचे लाकूड हाताशी असावे. जॅग्वारच्या कॉव्हेंट्रीजवळील ब्राउन्स लेन कारखान्यात व्हिनिअरचा स्वतंत्र विभाग होता. तिथली मोटारींची जुळणी 2005 मध्ये बंद झाली, तरी व्हिनिअरचे काम त्यानंतरही काही काळ सुरू राहिले.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. पोलादी पत्र्याच्या गाड्या स्वस्त झाल्यावर 1930 च्या दशकात तिथे पत्र्याच्या डॅशबोर्डवरच लाकडाची नक्षी छापली जाऊ लागली. पुढे डाय-नॉक नावाची लाकडासारखी दिसणारी चिकटपट्टी आली आणि स्टेशन वॅगनच्या बाजूंवरून खऱ्या लाकडाला तिने हुसकावून लावले. अशा गाडीत ‘मूळ’ लाकूड शोधणाऱ्याला निराशाच येते; तिथे खरे व्हिनिअर लावणे ही दुरुस्ती ठरत नाही, ते नवेच काहीतरी होते. पाण्यावर तरंगणाऱ्या छापील पटलात प्लास्टिकचा भाग बुडवून त्यावर नक्षी उतरवण्याचे तंत्र नंतर आले आणि नक्कल आणखी स्वस्त झाली.

चिकटवण्याच्या इतिहासात एक महत्त्वाचे वळण विमानांमुळे आले. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या बंद मोटारीसाठी तो चांगला नव्हे, पण एके काळी दुसरा मार्गच नव्हता. 1930 च्या दशकात युरिया-फॉर्माल्डिहाइड प्रकारची कृत्रिम चिकटद्रव्ये उपलब्ध झाली. 1940 मध्ये पहिले उड्डाण केलेल्या डी हॅव्हिलंड मॉस्किटो या लाकडी विमानात आधी दुधातील केसीनचे चिकटद्रव्य आणि नंतर ही कृत्रिम द्रव्ये वापरली गेली, आणि त्याचे भाग करण्यासाठी फर्निचरचे कारखाने कामाला लावले गेले. युद्धानंतर साच्यात दाबून घडवलेल्या वक्र लाकडाचे जे ज्ञान कारखान्यांकडे उरले, त्याचा फायदा मोटारीलाही झाला. जुन्या गाडीवरचा सरसाचा ताव गरम पाण्याच्या फडक्याने अलगद सुटू शकतो, तर कृत्रिम द्रव्याने चिकटवलेला ताव खरवडूनच काढावा लागतो. कोणत्या काळाची पट्टी हाती आहे, हे ओळखण्याची ती एक सोपी खूण आहे.

लेपाचीही अशीच पिढ्यांची रांग आहे. आधी लाखेचे पॉलिश आणि वार्निश होते. 1920 च्या दशकात लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले, आणि युद्धानंतरच्या दशकांत जाड, काचेसारखे पॉलिएस्टर रूढ झाले. आज ज्या खोल चकाकीला ‘गाडीतले लाकूड’ म्हणून ओळखले जाते, ती या पॉलिएस्टरची देणगी आहे. पण लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते व आकसते, आणि तो कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही. तडे पडतात, तड्यातून ओल शिरते आणि खालचे लाकूड फिकट पांढुरके होते. मालक ज्याला लाकूड खराब झाले असे म्हणतो, ते बहुतेक वेळा लेपाचे मरण असते.

सपाट फळीचा काळ संपवला तो अपघात-सुरक्षेने. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून मोटारीच्या अंतर्भागावर डोके आपटल्यास इजा कमी व्हावी यासाठीचे संघीय मानक लागू झाले. डॅशबोर्ड मऊ गादीचे झाले आणि लाकूड त्यात जडवलेल्या अरुंद पट्ट्यांपुरते उरले. पुढे एअरबॅग आल्या आणि लाकडाला उरलेली जागाही त्यांच्या झाकणांभोवतीच आखली जाऊ लागली. आघात झाल्यावर लाकडाच्या धारदार ढलप्या उडू नयेत, म्हणून तावाखाली ॲल्युमिनियमचा पातळ थर देण्याची पद्धत रुजली. आधुनिक पट्टीत अनेक थरांचे हे पटल तापवलेल्या साच्यात दाबून मागून प्लास्टिक भरले जाते. लाकूड एका दिशेने खुशाल वाकते, पण वाटीसारखे दोन दिशांनी वाकवले की फाटते; म्हणून साच्यातील हे काम घरगुती पातळीवर तंतोतंत साधणे कठीण आहे आणि जुन्या सपाट फळीची नक्कल मात्र त्या मानाने सोपी.

लाकडाच्या निवडीवर आता कायद्याचीही छाया आहे. ब्राझीलच्या रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने, म्हणजे धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने, 1992 पासून जवळजवळ बंद केला आणि 2017 च्या जानेवारीपासून हे रोझवुड ज्यात मोडते त्या डाल्बर्जिया प्रजातीतील इतर सर्व लाकडांवरही परवान्याचे बंधन आले. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील झेब्रानो, म्हणजे 1980 च्या दशकातल्या अनेक मर्सिडीजमधले ते पट्टेदार लाकूड, आज धोक्यात आलेल्या झाडांत गणले जाते. त्या गाड्यांसाठी जुना राखलेला ताव मिळाला तर उत्तम. नाहीतर रंगवलेल्या पर्यायी लाकडावर पट्टे जुळवणे हेच हाती राहते.

रंग जुळवताना सर्वांत अवघड गोष्ट मात्र कोणत्याही साच्यात किंवा नियमात बसत नाही. बहुतेक लाकडे उजेडात गडद होतात, चेरी हे त्याचे ठळक उदाहरण. अक्रोड उलट फिकट होते आणि त्याच्या तपकिरी रंगात सोनेरी पिवळेपणा उतरतो. त्यावरचा जुना लेपही काळाबरोबर पिवळा पडतो. म्हणून नव्या तावाला आधी फिकट करणे, मग हलक्या रंगाचा हात देणे आणि शेवटी लॅकरमध्ये किंचित पिवळी छटा मिसळणे, असे तीन टप्पे करावे लागतात. दिव्याच्या उजेडात जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो, तेव्हा तुलना दोन्ही ठिकाणी करावी लागते. वेगमापकाचे कडे काढले की त्याखाली चाळीस-पन्नास वर्षे उजेड न पाहिलेल्या अक्रोडाचे गडद वर्तुळ दिसते आणि त्याच्या शेजारी सोनेरी झालेली पट्टी. नवा तुकडा यांपैकी कोणत्या रंगाशी जुळवायचा, हे कारागीर लेप चढवण्यापूर्वी मालकाला विचारून घेतो.