नस काढली, तरी दाढ का ठणकते?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मोठ्या आईच्या खालच्या दाढेचं गेल्या उन्हाळ्यात रूट कॅनल झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. "नस काढली म्हनते ना डॉक्टर, मंग दुखून काऊन राह्यलं बाप्पा?" शेजारच्या काकूंनी निकाल देऊनही टाकला होता: मशीननं केलं म्हणून दुखतं, हातानं केलं असतं तर दुखलं नसतं.

आपण 'नस' म्हणतो ती म्हणजे दाताच्या आतला मऊ गर. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. हा गर काढला की दाताच्या आतली कळ थांबते. पण दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो आणि त्याला स्वतःच्या संवेदना असतात. मुळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. साफसफाई करताना कुजलेला गर, खरवडलेल्या दाताचा भुगा, जंतू आणि धुण्याचं औषध यांतलं थोडं त्या छिद्रातून पलीकडे जातं. तिथे सूज येते, पण भोवती हाड असल्याने सुजेला पसरायला जागा मिळत नाही. मग घास चावला की ठणका लागतो. रूट कॅनलच्या हत्यारांचा इतिहास वाचताना माझं लक्ष या भुग्याकडेच जातं. तो वर येतो की खाली ढकलला जातो, यावर बरंच काही ठरतं.

सुरुवात घड्याळाच्या स्प्रिंगपासून झाली. 1838 साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने ती घासून मुळाच्या नळीत जाईल इतकं बारीक हत्यार बनवलं. (हाच मेनार्ड पुढे बंदुकांच्या रचनेसाठी प्रसिद्ध झाला.) 1889 मध्ये बोस्टनच्या विल्यम रोलिन्सने असं हत्यार यंत्रावर पूर्ण गोल फिरवलं. मोडू नये म्हणून त्याने वेग मिनिटाला 100 फेऱ्यांवर ठेवला. म्हणजे काकू ज्याला नवं खूळ समजतात ते 'मशीन' सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. ते तेव्हा रुळलं नाही, कारण पोलाद ताठ असतं आणि दाढेची मुळं वाकडी असतात. ताठ हत्यार वळणावर सरळच जायला बघतं. मग भिंतीत पायरी पडते, कधी मूळ फुटतं, कधी हत्यारच आत मोडून राहतं.

म्हणून पुढची कित्येक दशकं हातानेच काम चाललं. 1915 च्या सुमारास केर कंपनीने चौकोनी तारेला पीळ देऊन केलेली फाईल आणली. तिला के-फाईल म्हणतात आणि ती आजही प्रत्येक दवाखान्यात दिसते. तिला कानस म्हणावं, कारण ती घासतेच. पण प्रत्येक कंपनीचं माप निराळं होतं. 1958 मध्ये इंगल आणि लेव्हाइन यांनी ठरावीक मापांचा प्रस्ताव मांडला. आज लाल मुठीची 25 नंबरची फाईल म्हणजे टोकाला 0.25 मिलिमीटर आणि पुढे दर मिलिमीटरला 0.02 ने जाड, हा हिशेब त्यातूनच आला. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 साली सुरू झालं. तिथल्या पहिल्या पिढ्या याच पोलादी फाईल्सवर शिकल्या. एकेका वाकड्या दाढेला बोटांची किती मेहनत लागत असेल, याची आज कल्पना करणंही अवघड आहे.

भुग्याचं कोडं इथेच आहे. हातातली फाईल खालीवर ओढली की ती सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी वागते आणि समोरचं सगळं टोकाकडे दाबते. गोल फिरणारं हत्यार सुताराच्या गिरमिटासारखं असतं. त्याच्या वळशांतून भुसा वर येतो. म्हणजे मशीन भुग्याच्या बाबतीत जास्त भलं, फक्त ते वाकड्या नळीत वळायला हवं.

वळणारा धातू सापडला तो अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत. विल्यम ब्यूलर यांनी तिथे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूवर काम केलं. दोन्ही धातूंची आणि प्रयोगशाळेची आद्याक्षरं जोडून त्याला निटिनॉल नाव पडलं. 1988 मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करण्याच्या तारेपासून निटिनॉलची फाईल घडवली. ती पोलादी फाईलपेक्षा दोन ते तीन पट लवचिक निघाली. मग नव्वदच्या दशकात प्रोफाईल, लाइटस्पीड आणि 2001 च्या सुमारास प्रोटेपर अशा रोटरी, म्हणजे यंत्रावर गोल फिरणाऱ्या, फाईल्स आल्या.

2008 मध्ये घासन यारेद यांनी एक वेगळी चाल सुचवली. एकच फाईल घ्यायची आणि ती सतत गोल न फिरवता थोडी पुढे, थोडी मागे फिरवायची. त्यातून रेसिप्रॉक आणि वेव्हवन निघाल्या. वेळ वाचला, फाईल मोडण्याचा धोका कमी झाला. पण लगेच शंका आली: मागेपुढे फिरताना भुगा वर येण्याऐवजी खाली तर जात नाही? काढलेल्या दातांखाली बाटली धरून बाहेर पडणारा भुगा वजन करण्याचे प्रयोग झाले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: भुगा अजिबात बाहेर न टाकणारी फाईल नाही. कोणती जास्त टाकते, यावर मात्र निष्कर्ष जुळत नाहीत. शिवाय बाटलीवरच्या दाताभोवती ना हाड असतं ना तंतू, त्यामुळे तिथला भुगा तोंडातल्या भुग्याइतकाच धरता येत नाही.

रुग्णांवरच्या चाचण्या हळूहळू वाढल्या. शून्य ते दहा अशा रेषेवर रुग्ण आपलं दुखणं सांगतो, 6, 12, 24, 48 तासांनी आणि मग आठवड्याने. बऱ्याच चाचण्यांत हातापेक्षा रोटरीनंतर दुखणं कमी आढळलं. काकूंचं म्हणणं इथे टिकत नाही. रोटरी आणि मागेपुढे फिरणाऱ्या फाईल्समध्ये मात्र कुठे फरक दिसतो, कुठे काहीच नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. डॉक्टरचा हात, मुळाची लांबी किती अचूक मोजली, औषध किती जोराने सोडलं, हे सगळं फाईलच्या नावाइतकंच मोलाचं आहे. आणि सर्वांत मोठं कारण फाईलमध्ये नाहीच: उपचाराआधी दात जितका दुखत असतो, तितकं नंतर दुखण्याची शक्यता वाढते. 2011 च्या एका एकत्रित आढाव्यात उपचाराआधी सुमारे 81 टक्के, एका दिवसाने 40 टक्के आणि आठवड्याने 11 टक्के रुग्णांना दुखणं होतं.

इथे नागपूरची गोष्ट वेगळी काढावी लागते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, चघळणाऱ्यांच्या दाढा कठीण सुपारीने झिजून सपाट होतात, कधी चिरतात, आणि कळ असह्य झाल्यावरच माणूस दवाखान्याची पायरी चढतो. भंडारा, गडचिरोली, बालाघाटहून येणाऱ्यांना तीन फेऱ्या परवडत नाहीत, म्हणून एकाच बैठकीत काम उरकावं असं त्यांना वाटतं. म्हणजे खुर्चीवर बसतानाच ते सर्वांत जास्त दुखण्याच्या गटात असतात. मग दुसऱ्या दिवशी ठणकलं की दोष मशीनला लागतो.

मोठ्या आईला मी एवढंच सांगितलं की दोन-तीन दिवस दुसऱ्या बाजूने चाव, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घे, आणि गालावर सूज चढली, ताप आला किंवा दुखणं वाढतच गेलं तर थेट दवाखाना गाठ. मग विचारलं, दहापैकी किती दुखतं? "काल रात्री सात होतं," ती म्हणाली, "आता चार धर." चौथ्या दिवशी ती त्याच बाजूने पोहे खात होती.