हलक्या ड्रोनला नियम नाहीत?

‘२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन कुठेही उडवा, परवानगी लागत नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. ड्रोन नियम २०२१ नुसार अशा नॅनो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण ही सूट चालवणाऱ्याला आहे, जागेला नाही. रेड झोनमध्ये, म्हणजे ड्रोनला बंदी असलेल्या हवाई क्षेत्रात, केंद्राच्या परवानगीविना कुठलाच ड्रोन उडवता येत नाही, मग वजन कितीही असो. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे जिथे परवानगी लागत नाही तिथेही, साधारण १२० मीटरची मर्यादा आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तर ६० मीटरच. शिवाय स्थानिक पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात. म्हणून गणेश विसर्जनाचं चित्रण करण्याआधी त्याच दिवशी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि पोलीस ठाण्यात मनाई आदेशाची चौकशी करा.