लांबच्या प्रवासाची सीट: अंगठ्याने दाबून न कळणाऱ्या गोष्टी

मोटारसायकलसाठी नवी सीट घ्यायला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण दुकानात एकच परीक्षा घेतो: तो सीट अंगठ्याने दाबून पाहतो. अंगठा खोल गेला की सीट आरामदायी, असा निष्कर्ष निघतो आणि पैसे मोजले जातात. वणी, पुसद, ब्रह्मपुरी, कुठल्याही बाजारपेठेतील सीट कव्हरच्या दुकानात हे दृश्य दिसते. या परीक्षेत मोजली जाते ती काही सेकंदांची आणि दोन-चार चौरस सेंटीमीटरची मऊपणाची जाणीव. सीटला प्रत्यक्षात शरीराचा बहुतेक भार तासन्तास, उन्हात आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांसह पेलायचा असतो, आणि या दोन कामांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध आहे.

हा प्रश्न विदर्भातल्या ग्रामीण भागाला विशेष जवळचा आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे कृषी सहायक, शिक्षक, बियाणे कंपनीचे प्रतिनिधी, दूधवाले आणि तहसीलच्या कामासाठी निघालेले शेतकरी यांचा प्रवास जुन्या राज्यमार्गांवरून आणि गावरस्त्यांवरूनच होतो. गडचिरोलीहून सिरोंचाला जायचे तर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते, आणि अशा रस्त्यांवर वेग कमी असल्याने बसण्याचा वेळ अंतराच्या मानाने बराच वाढतो. सीटच्या दृष्टीने किलोमीटरपेक्षा हा वेळच महत्त्वाचा असतो.

आपण बसतो तेव्हा वरच्या शरीराचा भार प्रामुख्याने कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या टोकांवर येतो. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. मांडी घालून फरशीवर बसल्यास ती हाताला सहज लागतात. प्रौढ माणसात या दोन टोकांमधील अंतर साधारण १० ते १४ सेंटीमीटर असते, आणि स्त्रियांमध्ये ते सरासरीने अधिक असते. हाड आणि सीट यांच्यामध्ये त्वचा, चरबी आणि स्नायू दाबले जातात, आणि त्यांच्यातून जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही दाबल्या जातात.

किती दाबल्या जातात, याचा हिशेब सोपा आहे. ७० किलो वजनाच्या चालकाचा काही भार पायदानावर आणि हँडलवर जातो, म्हणून सीटवर ५० किलो येतात असे धरू. हा भार ३०० चौरस सेंटीमीटर जागेवर पडला तर सरासरी दाब सुमारे १२२ मिलिमीटर पारा इतका होतो. जागा दुप्पट झाली, म्हणजे ६०० चौरस सेंटीमीटर मिळाली, तर तो ६१ वर येतो. हाडांच्या टोकांखाली प्रत्यक्ष दाब या सरासरीपेक्षा बराच अधिक असतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतील, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतील, रक्ताचा दाब मोजला, तेव्हा धमनीकडच्या टोकाला तो सुमारे ३२ मिलिमीटर पारा भरला. स्नायूंच्या खोल थरांत परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे ३२ ही काही पक्की सीमारेषा नव्हे. तरीही एवढे स्पष्ट होते की उत्तम सीटवर बसलो तरी काही ठिकाणचा रक्तपुरवठा मंदावतोच. प्राणवायू कमी पडतो, टाकाऊ पदार्थ साचतात, मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, आणि आपण नकळत एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर भार टाकू लागतो. ही चुळबूळ म्हणजे शरीराने स्वतःच शोधलेला उपाय आहे, आणि चांगली सीट तिला वाव देते. खोलगट, शरीराला जखडून ठेवणारी सीट पहिली दहा मिनिटे सुखद वाटते. नंतर जागा बदलता येत नाही म्हणून तीच त्रास देऊ लागते.

उभ्या दाबाइतकाच महत्त्वाचा, पण सहसा दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे सरकण. सीट पुढे टाकीकडे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला शरीर पुढे घसरते, त्वचा मात्र रेक्झिनला चिकटून मागे राहते. अशा आडव्या ताणाने रक्तवाहिन्या वाकतात आणि मग त्या बंद व्हायला उभा दाबही कमी पुरतो. म्हणून लांबच्या प्रवासाच्या सीटचा बसण्याचा भाग जवळजवळ सपाट असावा. फार तर मागच्या बाजूला किंचित उंचवटा असावा, कारण कटी मागे कलंडली की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधील चकत्यांवर असमान भार येतो. मागच्या खिशातले पाकीटही येथेच बाधते: त्यामुळे कटी एका बाजूने उचलली जाते आणि त्याखालून पायात उतरणारा मोठा मज्जातंतू दाबला जातो. नवी सीट घेण्याआधी पाकीट पुढच्या खिशात हलवून पाहावे, त्याला काहीच खर्च नाही.

आता सीटच्या आतल्या फोमकडे वळू. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधले आणि आज बहुतेक सर्व सीटमध्ये त्याचाच फोम असतो. दुकानदार ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे सांगतो तेव्हा तो एक घनमीटर फोमचे किलोमधील वजन सांगत असतो. घनता आणि कठीणपणा हे दोन वेगळे गुण आहेत. घनता जास्त असूनही फोम मऊ असू शकतो आणि कमी घनतेचा फोमही हाताला कडक लागू शकतो. घनतेवरून प्रामुख्याने टिकाऊपणा कळतो, कारण जास्त घनतेच्या फोममध्ये पेशींच्या, म्हणजे हवेच्या बारीक कप्प्यांच्या, भिंतींसाठी अधिक पदार्थ असतो आणि सततच्या दाबाखाली तो उशिरा बसका होतो. कठीणपणा म्हणजे फोम ठराविक प्रमाणात दाबायला लागणारा जोर. आपल्याला दोन्ही पाहावे लागतात.

अंगठ्याची परीक्षा फसते ती इथे. अतिशय मऊ फोम अंगठ्याला छान वाटतो, पण पन्नास किलोंच्या भाराखाली तो पूर्ण दाबला जातो आणि हाडे थेट खालच्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या तळाशी टेकतात. तेवढ्या जागी फोम असून नसल्यासारखा होतो आणि सारा भार पुन्हा दोन टोकांवर येतो. उलट फार कडक फोममध्ये शरीर रुततच नाही, म्हणून संपर्काची जागा वाढत नाही. यावरचा चांगला मार्ग थरांचा आहे: खाली जास्त घनतेचा कडक थर, वर त्याहून मऊ थर. वरचा थर शरीराच्या आकाराप्रमाणे वाकतो, खालचा थर तळाला टेकू देत नाही. माझ्या मते सीटवर खर्च करायच्या पैशांपैकी मोठा वाटा या दोन थरांवरच जावा, नक्षीदार शिलाईवर नव्हे.

मेमरी फोम, जेल आणि हवेची गादी यांची जाहिरात बरीच होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्या कशा वागतात, हे त्यांच्या भौतिक गुणधर्मांवरून आधीच सांगता येते. मेमरी फोमचे संशोधन १९६६ मध्ये नासासाठी झाले. हा फोम थंडीत घट्ट आणि उष्णतेत मऊ होतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या सीटचे तापमान हवेपेक्षाही पुष्कळ चढते. अशा वेळी हा फोम इतका सैल पडतो की त्याचा आधार उरत नाही, म्हणून तो पातळ थर म्हणून वापरावा, संपूर्ण गादी म्हणून नव्हे. जेल दाबले तरी आकसत नाही, बाजूला पसरते, आणि त्यामुळे दाब वाटून देण्याचे काम ते चांगले करते. मात्र ते भरपूर उष्णता साठवते. सावलीत लावलेल्या गाडीला ते ठीक, पण आठवडी बाजाराच्या मैदानात दुपारभर उभ्या केलेल्या गाडीवर ते बराच वेळ पोळत राहते.

हवेच्या गादीचे कोष एकमेकांना जोडलेले असल्याने दाब सगळीकडे सारखा होतो, आणि तत्त्व म्हणून मला हाच प्रकार सर्वांत पटतो. पण ती टम्म फुगवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. हाडाखाली बोटभर हवा राहील एवढीच ती भरावी. सकाळी २५ अंशांना भरलेली हवा दुपारी ६० अंशांपर्यंत तापली तर तिचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढू पाहते आणि सकाळी योग्य वाटलेली गादी दुपारी कडक होते. म्हणून दुपारी पुन्हा निघताना थोडी हवा सोडावी.

रस्त्याचा विचार केल्याशिवाय सीटचा विचार पुरा होत नाही. वऱ्हाडातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून प्रसरण पावते. अशा जमिनीवरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटांसारखा होतो. समजा लाटेची लांबी अडीच मीटर आहे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर आहे. तर दर सेकंदाला सुमारे साडेचार लाटा लागतात. बसलेल्या माणसाचे धड याच सुमाराच्या वारंवारितेला, म्हणजे ४ ते ६ हर्ट्झच्या (सेकंदाला ४ ते ६ हेलकाव्यांच्या) आसपास, सर्वाधिक हलते. यालाच अनुनाद म्हणतात. आणखी अडचण अशी की साध्या फोमच्या सीटही ४ हर्ट्झच्या आसपासची हालचाल कमी करण्याऐवजी वाढवतात. इंजिनाची थरथर याहून खूप वेगवान असते, मिनिटाला ५००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ८३, आणि ती फोम सहज गाळून टाकतो. म्हणजे सीट थरथरीवर चांगली मात करते, पण रस्त्याच्या लाटांवर ती फार काही करू शकत नाही. कंबर दुखते म्हणून आणखी जाड, आणखी मऊ गादी टाकणाऱ्याचा त्रास अनेकदा वाढतो, तो यामुळे. तिथे मागचे शॉकअप तपासणे, टायरमधील हवा योग्य ठेवणे आणि वेग थोडा बदलणे हेच उपयोगाचे. त्याच रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने गेल्यास हादरे तीन हर्ट्झच्या खाली येतात.

कव्हरची गोष्ट फोमइतकीच महत्त्वाची आहे. न ताणणारे रेक्झिन फोमवर घट्ट ओढून बसवले की आतला फोम कितीही चांगला असो, शरीर रुतत नाही. ताणून विणलेल्या आणि सैल पडलेल्या बाजेवर झोपण्यात जो फरक आहे, तोच येथे असतो. फार सैल कव्हर सुरकुत्या पाडते, फार घट्ट कव्हर फोमला निरुपयोगी करते. कव्हरचे कापड थोडे ताणणारे असावे आणि शिलाई बैठकीच्या हाडांखाली येऊ नये.

जाळीदार कव्हरबद्दल माझे मत विदर्भापुरते अनुकूल आहे. हवा त्वचेपेक्षा गरम असते तेव्हा वाऱ्याने शरीर थंड होत नाही. घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. आपल्याकडे मे महिन्यातील हवा कोरडी असल्याने तो मार्ग उत्तम चालतो, घरातला कूलर ज्या कारणाने चालतो त्याच कारणाने. जाळीतून थोडी हवा खेळली की घाम सुकतो आणि त्वचा कोरडी राहते. ओल्या त्वचेचे कापडाशी घर्षण वाढते आणि ती लवकर सोलवटते, म्हणून हा कोरडेपणा केवळ सुखाचा भाग नाही. कोकणच्या दमट हवेत हाच लाभ बराच कमी मिळेल. पावसाळ्यात मात्र जाळी ओली राहते, तेव्हा ती काढून ठेवावी.

सीटची रुंदी ठरवण्यासाठी घरीच मोजमाप करता येते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ओट्यावर ठेवून त्यावर पाय उचलून बसावे. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे आणि सीटचा सपाट भाग त्याहून दोन्ही बाजूंना काही सेंटीमीटर अधिक असावा. पुढचा भाग मात्र निमुळता हवा, नाहीतर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला पोहोचत नाहीत. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आहे आणि क्लासिक ३५० ची ८०५. त्यात दोन इंचांची गादी वाढवली तर कमी उंचीच्या माणसाला चिखलात गाडी सावरणे अवघड जाते. जाडी वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवणे अधिक सुरक्षित.

मागे बसणाऱ्याचा विचार सीट घेताना क्वचितच होतो, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. ग्रामीण भागात साडी नेसलेली स्त्री बहुधा दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसते. तिचा भार दोन्ही हाडांवर सारखा पडत नाही, पाठीला सतत पीळ पडलेला असतो, आणि मांडीखाली सीटची कड रुतते. दोन तुकड्यांची, मागचा भाग उंच आणि अरुंद असलेली सीट तिच्यासाठी सर्वांत वाईट. तिला लांब, सपाट, गोलसर कडांची एकसंध सीट हवी. बियाण्याच्या थैल्या न्यायच्या असल्या तरी हीच सीट सोयीची पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या प्रवाशाला धरण्यासाठी आधार आणि पाय ठेवायला पायदान असणे बंधनकारक आहे. सीट बदलताना मागच्याने धरायचा सीटवरचा मधला पट्टा काढून टाकला जात असेल, तर तो परत लावून घ्यावा.

महागडी तयार सीट मागवण्यापूर्वी मी तालुक्याच्या चांगल्या कुशनवाल्याकडे जाण्याचा सल्ला देईन. कंपनीच्या सीटचा तळ आणि कुलूप गाडीला नेमके बसते, म्हणून तोच तळ ठेवून वरचे थर बदलून घ्यावेत. कारागिराला घनता, थरांची जाडी, सपाट उतार आणि पुठ्ठ्यावरचे माप स्पष्ट सांगावे. शिलाईच्या छिद्रांतून पाणी फोममध्ये झिरपते, म्हणून कव्हरखाली प्लास्टिकचा पातळ पडदा घालायला सांगावे. कव्हर कायमचे ठोकण्यापूर्वी ते तात्पुरते बसवून निदान तासभर, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, शक्यतो दुपारी आणि मागे माणूस बसवून गाडी चालवावी. दहा मिनिटांत प्रत्येक सीट चांगली वाटते. रक्तपुरवठ्याचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. तासाभराने एकाच ठिकाणी टोचत असेल तर तिथला फोम थोडा कापून घ्यावा, सगळीकडे सारखे दुखत असेल तर कडक थर वाढवावा. आणि पायाला मुंग्या येणे किंवा बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही टिकत असेल, तर सीट बदलत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.