बेभरवशाचा निवेदक : टीनएज थ्रिलरमधल्या 'वेडा'ची मागची गोष्ट

एक पोरगा सायकल मारत चाललाय. मॅसॅच्युसेट्समधलं मॉन्युमेंट नावाचं गाव सोडून व्हर्मांटमधल्या रटरबर्गला, बापाला भेटायला. ऑक्टोबरचा बोचरा वारा, अंगात बापाचंच जुनं आर्मीचं जॅकेट, आणि बापाला द्यायला एक पुडकं. मध्येमध्ये वेगळीच प्रकरणं येतात, टेपवर रेकॉर्ड केलेले सवाल-जवाब, विचारणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'टी' आणि उत्तर देणाऱ्याच्या जागी 'ए'. वाचणाऱ्याला वाटतं हा टी म्हणजे डॉक्टर असणार, पोराला बरं करायला बघतोय. तसं नसतं. सायकलही कुठेच जात नसते (स्पॉयलर म्हणा, पण पन्नास वर्षं होत आली आता). पोरगा हॉस्पिटलच्याच आवारात गोल गोल फिरतोय, रस्त्यात भेटलेली माणसं म्हणजे तिथलेच लोक, आणि शेवटच्या पानावर पुस्तकाची पहिली वाक्यं परत येतात, म्हणजे स्वारी पुन्हा निघाली.

हे रॉबर्ट कॉर्मिएचं १९७७ चं 'आय अ‍ॅम द चीज'. आज टीनएजर्ससाठी सायकॉलॉजिकल थ्रिलरचा जो ढीग दिसतो, 'मी' सांगणारा मुलगा किंवा मुलगी, डोकं ठिकाणावर नाही, आठवणीत भोकं, शेवटी जोरदार ट्विस्ट, त्याचं खरं मूळ माझ्या मते इथे आहे. लोक हल्ली सगळं श्रेय २०१२ च्या 'गॉन गर्ल' या मोठ्यांसाठीच्या थ्रिलर कादंबरीला देतात, ते मला अजिबात पटत नाही. त्यावर पुढे येतोच.

आधी शब्दाचं बघू. ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही अशा निवेदकाला इंग्रजीत 'अनरिलायबल नॅरेटर' म्हणतात, ते नाव रूढ केलं अमेरिकन समीक्षक वेन बूथने, १९६१ मध्ये. मराठीत मला 'बेभरवशाचा निवेदक' आवडतं, एसटीची वाट बघितलेल्या माणसाला लगेच कळतं. पण नाव नंतर आलं, माल आधीपासून होताच. एडगर अ‍ॅलन पोची 'टेल-टेल हार्ट' १८४३ ची, त्यातला माणूस सुरुवातीपासून घसा फोडून सांगतो की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सांगतोय, आणि सांगतोय काय तर खून कसा केला. म्हणजे तो जितका शहाणपणाचा पुरावा देतो तितकी त्याची केस कमकुवत होत जाते. ही युक्ती आजही जशीच्या तशी वापरतात.

पण पोपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर', १८९२ ची. बाळंतपणानंतर खचलेली एक बाई, नवरा स्वतःच डॉक्टर, तो तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो, लिहायचं नाही, काम करायचं नाही, नुसता आराम. ती चोरून लिहिते. खोलीतल्या पिवळ्या वॉलपेपरच्या नक्षीमागे तिला एक बाई रांगताना दिसायला लागते, आणि शेवटी ती स्वतःच भिंतीला धरून रांगते, नवरा दार उघडून आत येतो ते बघून चक्कर येऊन पडतो, आणि ती त्याच्या अंगावरून रांगत पुढे जाते. गिलमनने हे हवेतून काढलेलं नव्हतं. १८८७ मध्ये वीअर मिचेल नावाच्या मोठ्या डॉक्टरने तिच्यावर हाच आरामाचा इलाज केला होता आणि लेखणीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. तिनेच १९१३ मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय.

या गोष्टीत भरवसा ठेवू नये असं कोण आहे? तिला जे दिसतं ते खरं नाही, कबूल. पण खोलीत बंद राहून मी बिघडत चाललेय हे ती पहिल्यापासून सांगत असते आणि ते शंभर टक्के खरं असतं, नवरा मात्र हसून विषय उडवतो. आजारी निवेदक आणि खोटारडा निवेदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या आधी कुणीतरी स्पष्ट दाखवून ठेवलं होतं, आणि नंतरच्या थ्रिलरवाल्यांनी सोयीसाठी दोन्हीची खिचडी केली.

पुढची पन्नास-साठ वर्षं भराभर सोडून देतो. १९५१ मध्ये 'कॅचर इन द राय' आलं, त्यातला पोरगा होल्डन आपली कहाणी कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा विश्रांतीच्या जागेतून सांगतोय हे बरेच जण वाचून विसरतात. मग १९६२, ६३, ६४ अशी ओळीने तीन वर्षं. शर्ली जॅक्सनच्या 'वी हॅव ऑलवेज लिव्हड इन द कॅसल'मधली अठरा वर्षांची मेरीकॅट, घरातल्या साखरेत विष मिसळून माणसं मेलेली आणि ही पोरगी शांतपणे वस्तू जमिनीत पुरत फिरतेय, तिच्या आजाराला लेखिका नावच देत नाही. १९६३ मध्ये सिल्व्हिया प्लाथचं 'द बेल जार', तेही टोपणनावाने. १९६४ मध्ये जोआन ग्रीनबर्गचं 'आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन', तेही टोपणनावाने, सोळा वर्षांची मुलगी, तिच्या डोक्यातलं एक आख्खं राज्य आणि तिच्याशी नीट बोलणारी एक डॉक्टर. दोघींनी स्वतः हॉस्पिटलात काढलेले दिवस लिहिले होते आणि दोघींना आपलं नाव लपवावं लागलं, यात त्या काळाबद्दल जे कळायचं ते कळतं. आपल्याकडे तरी आजही 'डोक्यावर परिणाम झालाय' एवढं खालच्या आवाजात म्हटलं की चर्चा संपते, त्यामुळे अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

ही पुस्तकं टीनएजर वाचत होतेच, पण त्यांच्यासाठी म्हणून वेगळं कपाट नव्हतं. ते कपाट साधारण १९६७ पासून धरतात, एस. ई. हिंटनने शाळेत असतानाच लिहिलेली 'द आउटसाइडर्स' आली तेव्हापासून. आणि त्या कपाटाची एक सवय पडली, गोष्ट 'मी'मध्येच सांगायची, तीही जणू आत्ता घडतेय अशी. बेभरवशाच्या निवेदकाला अजून काय पाहिजे! त्यात वय असं की तसंही घरात कुणी तुमचं खरं धरत नाही. आणखी एक गोष्ट, २००५ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात आयुष्यभरात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि पाऊण हिस्सा २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो असं निघालं. म्हणजे लेखकांनी नुसती सनसनाटी म्हणून हे वय पकडलं असं नाही, आजार खरोखरच त्या वयात दार वाजवतो.

मध्ये एक गंमत सांगायलाच हवी. १९७१ मध्ये 'गो आस्क अ‍ॅलिस' आलं, ड्रग्जमध्ये बुडत गेलेल्या एका मुलीची खरी डायरी, लेखक 'अनामिक'. धडाधड खपली. नंतर कॉपीराइटच्या नोंदीत लेखिका म्हणून नाव निघालं बिअॅट्रिस स्पार्क्सचं, पोरांच्या समस्यांवरच्या अशाच आणखी 'खऱ्या' डायऱ्या पुढे तिनेच काढल्या. म्हणजे इथे पुस्तकातला निवेदक राहू दे, कव्हरच बेभरवशाचं.

आता परत कॉर्मिए. हा माणूस लेमिन्स्टर नावाच्या छोट्या गावात राहणारा वर्तमानपत्रवाला. पुस्तकात त्या पोराच्या मैत्रिणीचा, एमीचा फोन नंबर येतो, तो त्याने चक्क स्वतःच्या घरचा दिला होता. पोरं पुस्तक वाचून फोन लावायची, एमी आहे का विचारायची, आणि इकडून कुणीतरी गोष्टीतलं पात्र असल्यासारखं बोलायचं. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हे, फक्त इथे पांघरणारा लेखक. मोठ्यांना मात्र पुस्तक झेपलं नाही, १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या बे काउंटीत शाळेतून ते काढायचा निर्णय झाला आणि मामला कोर्टात गेला. त्यांना भीती कशाची वाटली हे समजू शकतं, कारण या पुस्तकात पोराचं डोकं फिरलंय ते त्याच्या रक्तात काही आहे म्हणून नाही, त्याच्या घरच्यांच्या बाबतीत सरकारी माणसांनी जे केलं त्याने. शेवटचा सरकारी रिपोर्ट तर इतका कोरडा आहे की वाचून हात गार पडतात. मी जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून चाळीस रुपयांना उचललेलं, पहिल्या पानावर कुणीतरी पेनाने 'दोनदा वाच' लिहिलेलं होतं आणि त्या अनोळखी माणसाचं बरोबर होतं.

'गॉन गर्ल'ने काय केलं तर बाजार केला. पब्लिशरांना कळलं की वाचकाला फसवून घ्यायला आवडतं आणि त्याचे पैसेही तो देतो. पण टीनएजच्या कपाटात त्याआधीच २००९ मध्ये जस्टिन लार्बलेस्टिअरचं 'लायर' येऊन गेलं होतं, त्यातली मायका आता खरं सांगते म्हणते, मग थोड्या पानांनी मागचं ते खोटं होतं म्हणते, असं कितीदा तरी. या पुस्तकाला अमेरिकेत कव्हरवर गोरी मुलगी लावली होती, पुस्तकातली मुलगी कृष्णवर्णीय, लेखिकेने जाहीर तक्रार केली आणि कव्हर बदलावं लागलं. खोटारडीच्या पुस्तकाचं कव्हरच खोटं, योगायोग तरी बघा. मग २०१४ मध्ये ई. लॉकहार्टचं 'वी वर लायर्स', श्रीमंत घराणं, खासगी बेट, अपघातानंतर एका उन्हाळ्याची आठवण पुसलेली मुलगी आणि भयानक डोकेदुखी. शेवट कुणी विचारला तर खोटं सांगा, अशी जाहिरातच केली होती. म्हणून मीही सांगत नाही. २०२५ मध्ये त्याची सिरीज आली तेव्हा पोरं परत रडली.

त्यानंतर जी लाट आली ती बरीचशी रद्दी. साचा ठरलेला : हिरोइन गोळ्या बेसिनमध्ये ओतते, गोष्ट वेग घेते, आणि शेवटी कळतं की खुनी तीच किंवा मैत्रीण नव्हतीच मुळी. गोळ्या सोडल्याशिवाय प्लॉट हलतच नाही. आणि प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते, हे या पुस्तकांच्या गावीही नसतं.

उलट वारं सुरू झालं ते २०१५ च्या आसपास. नील शुस्टरमनच्या 'चॅलेंजर डीप'ला त्या वर्षीचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, त्यातली चित्रं त्याच्या मुलाने स्वतःच्या आजारपणात काढलेली. त्यातला पोरगा केडन एकीकडे समुद्राच्या सगळ्यात खोल जागेकडे निघालेल्या जहाजावर आहे आणि दुसरीकडे हॉस्पिटलात, जहाजावरचा पोपट आणि हॉस्पिटलातला डॉक्टर हळूहळू एकमेकांत मिसळतात. त्याच वर्षीच्या फ्रान्सेस्का झॅपियाच्या 'मेड यू अप'मध्ये स्किझोफ्रेनिया असलेली अ‍ॅलेक्स कॅमेरा घेऊन फिरते, संशय आला की फोटो काढते आणि नंतर तो पुन्हा बघते, फोटोतून गोष्ट गायब झाली म्हणजे ती नव्हतीच. हे मला फार आवडलं. इथे आजार पहिल्या पानापासून उघड आहे, लपवून ठेवलेला पत्ता नाही, आणि तरी धडधड होतेच, कारण आपणही तिच्याबरोबर फोटो तपासत बसतो.

आणि २०१७ मध्ये ज्युलिया वॉल्टनचं 'वर्ड्स ऑन बाथरूम वॉल्स'. यातल्या सोळा वर्षांच्या पोराचं नाव अ‍ॅडम. कॉर्मिएच्या सायकलवाल्या पोराचंही नाव अ‍ॅडमच, बरोबर चाळीस वर्षं आधीचा. त्या अ‍ॅडमला टेपसमोर बसवून बोलतं करत होते, माहिती काढून घेत होते. हा अ‍ॅडम थेरपिस्टसमोर जाऊन बसतो आणि तोंडातून एक शब्द काढत नाही. घरी येऊन वहीत लिहितो, सगळी उत्तरं, त्याला वाटेल त्या क्रमाने, आणि मग ती वही थेरपिस्टला वाचायला देतो.