उत्क्रांतीचे अध्यापन आणि अमेरिकेतील राज्यांचे कायदे

अमेरिकेत शालेय शिक्षण हा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्यामुळे सरकारी शाळांत उत्क्रांती शिकवायची की नाही, आणि शिकवायची तर कशी, यावर तिथल्या विधिमंडळांनी १९२० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा कायदे केले आहेत. न्यायालयाने एक कायदा रद्द केला की काही वर्षांत दुसरा, वेगळ्या शब्दांतला कायदा येतो, असा हा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सर्वांत गाजलेला कायदा टेनेसी राज्याचा. जॉन वॉशिंग्टन बटलर या शेतकरी आमदाराने मांडलेल्या विधेयकावर राज्यपाल ऑस्टिन पी यांनी मार्च १९२५ मध्ये सही केली. बायबलमधील मानवनिर्मितीची कथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असे शिकवणे गुन्हा ठरले. दंड १०० ते ५०० डॉलर. त्याच उन्हाळ्यात डेटन गावातील २४ वर्षांचे शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर खटला उभा राहिला. विशेष म्हणजे शाळेतले जीवशास्त्राचे पुस्तक राज्यानेच मंजूर केलेले होते आणि त्यात उत्क्रांतीचा भाग होता. पुस्तकाप्रमाणे शिकवावे तर गुन्हा, न शिकवावे तर धडा अर्धवट, अशा कात्रीत शिक्षक सापडले होते.

साक्षीला स्कोप्स यांचे विद्यार्थीच बोलावले गेले. या शिकवण्याने तुझे काही वाईट झाले का, असे बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी एका मुलाला विचारले. त्याने ‘नाही’ म्हणून सांगितले. पुढे न्यायालयाचे कामकाज इमारतीबाहेर हिरवळीवर हलले आणि तिथे डॅरो यांनी फिर्यादी पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची बायबलवर उलटतपासणी घेतली. प्रसिद्धी या प्रसंगाला मिळाली. मला मात्र त्या मुलाचे एका शब्दाचे उत्तर जास्त मोलाचे वाटते.

स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. ५० डॉलरवरचा दंड ज्यूरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशाने ठरवला, या कारणावरून वरच्या न्यायालयाने १९२७ मध्ये शिक्षा रद्द केली. कायदा मात्र वैध ठरला आणि १९६७ पर्यंत टिकला. खरे नुकसान या मधल्या काळात झाले. खटल्यानंतर अनेक प्रकाशकांनी पाठ्यपुस्तकांतला उत्क्रांतीचा भाग आटोपता घेतला, आणि ज्या राज्यांत असा कायदा नव्हता तिथल्या मुलांच्या हातीही तीच पुस्तके पडली.

आर्कान्सामध्ये १९२८ साली अशीच बंदी थेट जनमताने आली. लिटल रॉकच्या शिक्षिका सुझन एपर्सन यांनी तिला आव्हान दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती रद्द केली. सरकारने कोणत्याही धर्माची पाठराखण करू नये या पहिल्या घटनादुरुस्तीतील तत्त्वाचा आधार न्यायालयाने घेतला. उघड बंदी अशक्य झाल्यावर ‘समान वेळ’ ही मागणी पुढे आली. उत्क्रांती शिकवाल तर ‘सृष्टिविज्ञान’ही, म्हणजे सृष्टी देवाने निर्माण केली ही मांडणी विज्ञान म्हणून, शिकवा, असा लुइझियानाचा १९८१ चा कायदा होता. तो १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला. ७२ नोबेल विजेत्यांनी त्या कायद्याविरुद्ध न्यायालयाला निवेदन दिले होते.

अलीकडच्या कायद्यांत देवाचे वा बायबलचे नाव येत नाही. लुइझियानाचा २००८ चा आणि टेनेसीचा २०१२ चा कायदा ‘चिकित्सक विचारा’ची भाषा बोलतो आणि उत्क्रांतीसारख्या विषयांची समीक्षा करण्याची मोकळीक शिक्षकांना देतो. चिकित्सा हा विज्ञानाचा प्राणच, म्हणून हे शब्द कोणालाही पटतात. पण त्यासाठी उत्क्रांती, हवामानबदल असे मोजकेच विषय नावानिशी निवडले गेले, आणि आक्षेप नेमका यालाच आहे. या वादात ‘ती नुसती थिअरी आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते, कारण रोजच्या इंग्रजीत थिअरी म्हणजे अंदाजही होतो. मराठीतल्या ‘सिद्धांत’ या शब्दात सिद्ध झाल्याचा अर्थ मुळातच आहे, त्यामुळे ‘नुसता सिद्धांत’ असे कोणी म्हटले तर आपल्या कानाला खटकते.

टेनेसीचे तत्कालीन राज्यपाल बिल हॅस्लम यांनी २०१२ च्या विधेयकावर सही केली नाही. ते सहीविनाच कायदा झाले. लुइझियानाचा कायदा मागे घेण्यासाठी तिथल्या विधिमंडळात अनेकदा विधेयके आली, ती संमत झाली नाहीत.