बटण दाबल्यावर येणारा माणूस आणि रोज येणारा माणूस

‘तिथे सगळी सोय आहे’ या एका वाक्याने ज्येष्ठांच्या घरांबाबत फार घोळ घातला आहे. आईवडिलांसाठी घर बघायला आलेली मुलं सीनियर लिव्हिंग आणि असिस्टेड लिव्हिंग म्हणजे एकाच वस्तूची साधी आणि महाग आवृत्ती समजतात. दोन्हीकडे बाग दिसते, रॅम्प दिसतो, नर्स दिसते. मग साधीवर सही होते, आणि चूक कळते ती आई पडल्यावर.

सीनियर लिव्हिंग आता बहुतेकांच्या ओळखीचं आहे. पुण्यात पाषाण-बावधनकडे कोणाचे ना कोणाचे काका-मावशी अशा वसाहतीत राहतात. आपला फ्लॅट, आपली किल्ली, खाली डायनिंग हॉल, सकाळी योगासनं, संध्याकाळी कॅरम नाहीतर ब्रिज, ठरल्या दिवशी डॉक्टर. याला वृद्धाश्रम म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सरकारने जिल्ह्यागणिक उभारायचे म्हटलेले वृद्धाश्रम निराधारांसाठी आहेत. इथे माणूस स्वतःच्या पैशाने आणि हौसेने राहतो. घर विकतचं की डिपॉझिटवरचं, हे वकील अर्ध्या तासात समजावतो.

घोळ आहे तो मदत आणि शुश्रूषा यांत.

सीनियर लिव्हिंगमध्ये मिळते ती मदत. पलंगाजवळ बटण, बाथरूममध्ये ओढायची दोरी. दाबलं की सिक्युरिटीचा माणूस किंवा नर्स वर येते, बीपी-शुगर बघते, अँब्युलन्स बोलावते, मुलांना फोन लावते. ही व्यवस्था चांगली असली तर जीव वाचतो, म्हणून तिला कमी लेखू नये. पण ती अडीअडचणीची आहे. असिस्टेड लिव्हिंगमध्ये मात्र माणूस न बोलावता, रोज, ठरल्या वेळी येतो: अंघोळ घालतो, गोळ्या हातात देऊन गिळल्याची खात्री करतो, रात्री संडासला धरून नेतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे दिवसातून बारा वेळा. बारा वेळा बटण दाबून हे काम होत नाही.

शिवाय बटण दाबायला भान लागतं. डिमेन्शियाच्या माणसाला ते कशाचं आहे हेच आठवत नाही. लकव्यात नेमका बटणाकडचा हात जातो. दोरीचं तर विचारूच नका. पडलेल्या माणसाच्या हाताला यावी म्हणून ती जमिनीपासून चार बोटांवर लोंबती हवी. पण फरशी पुसताना मध्ये येते म्हणून बाई तिची गाठ मारून टॉवेलच्या दांडीला अडकवते, आणि ती तशीच राहते. कोणाच्याही घरी गेलात तर आधी ती गाठ सोडा.

२०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले. दरवाजा ९०० मिलिमीटरचा, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट. निकष उत्तम आहेत, पण ते इमारतीचे आहेत. त्यावरून ‘म्हणजे व्हीलचेअरवरच्या बाबांची सोय झाली’ असं धरून चालणारे भेटतात. दरवाजातून खुर्ची जाईल. ती ढकलायला आणि बाबांना उचलून कमोडवर बसवायला कोण येणार, हे त्या निकषांत नाही.

मग घरच्यांच्या मनात असतं, ‘लागलं तर ब्युरोची (शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई ठेवू’. ठेवता येते, पण हिशेब आधी मांडा. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या म्हणजे महिन्याला साठ पाळ्या. त्यातली प्रत्येक सुट्टी तुमच्या अंगावर, आणि तुम्ही न्यू जर्सीत. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये रात्रपाळीची बाई टेकणार कुठे? तिचं जेवण डायनिंग हॉलच्या पैशांत धरतात का? तिला मुक्कामाला परवानगी आहे का? हे करारात बघा. त्याच करारात ‘रहिवासी स्वतःची कामं स्वतः करू शकत नसल्यास’ अशी सुरुवात असलेलं कलम शोधा आणि ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. काही ठिकाणी पुढे ‘स्वखर्चाने व्यवस्था करावी’ असतं, काही ठिकाणी ‘जागा सोडावी’.

विम्यावर विसंबू नका. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळतं, पण ते हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी पाठवतात, आणि वॉकरवरचे पुढचे कित्येक आठवडे पूर्णपणे घरच्यांचे.

कोणतं निवडायचं, यासाठी मी वय बघत नाही. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सहा गोष्टी बघते: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. सहाही जमत असतील तर नव्वदीतही सीनियर लिव्हिंगच घ्या. धडधाकट माणसाला उगाच शुश्रूषेत टाकलं की तो दोन महिन्यांत खुर्चीला चिकटतो. दोन गोष्टी अडल्या असतील तर असिस्टेडच बघा. एकच अडली असेल तर ती कोणती हे महत्त्वाचं. अंघोळीला सकाळी तासभर बाई लावता येते. रात्री संडासला नेण्याची वेळ ठरवता येत नाही.

जोडप्यांचा पेच सगळ्यांत अवघड. आजोबा ठणठणीत, आजींना डिमेन्शिया. फक्त सीनियर लिव्हिंग घेतलं तर आजोबा चोवीस तासांची नर्स होतात. त्यांचा ब्रिज गेला, फिरणं गेलं, झोपही गेली. अशांनी दोन्ही व्यवस्था एकाच आवारात असतील तिथेच जावं, मग ते गावापासून थोडं लांब असलं तरी चालेल. रोज चालत जाऊन शेजारी बसता येईल एवढं अंतर हवं.

जागा बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. तेव्हा सगळंच छान दिसतं. रात्री नऊनंतर जा. ड्यूटीवर किती माणसं आणि किती घरांमागे, नर्स आवारात झोपते की फोनवर असते, पडलेल्या माणसाला कोण उचलतं, हे विचारा. मग बाथरूममधली दोरी ओढायची परवानगी मागा आणि घड्याळ लावून उभे राहा.